आम्ल मातीवरचा एक गाजलेला पेपर, आणि तो उद्धृत करण्याआधी

आम्ल जमिनीवर लिटरेचर रिव्ह्यू लिहायला बसलात की पेद्रो सांचेझ आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांचा १९८२ चा ‘सायन्स’मधला पेपर तुम्हाला भेटणारच. बहुतेक जण त्यातलं एकच वाक्य उचलतात: ॲमेझॉनच्या मातीत सलग शेती करता येते. मला वाटतं, पेपरचं खरं बळ त्या वाक्यात नाहीच.

आधी माती समजून घ्या. जागा पेरूमधलं युरिमाग्वास, पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त, माती अल्टिसॉल. म्हणजे वरचा थर हलका, खाली जाल तशी चिकणमाती वाढत जाते आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम पावसाने धुऊन गेलेलं. सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळू लागतं आणि मुळांची टोकं खुंटतात. मुळं खाली जात नाहीत, म्हणून एवढ्या पावसाच्या प्रदेशातही चार कोरडे दिवस पडले की पीक माना टाकतं. सामू हा नुसता आकडा. पिकाला मारतं ते ॲल्युमिनियम. (युजीन कॅम्प्राथ यांनी १९७० मध्येच सांगितलं होतं की चुन्याची मात्रा या ॲल्युमिनियमवरून ठरवा. तरी आपण सामू ७ करायच्या मागे!)

पेपरमधला प्रयोग मात्र दणकट आहे. साडेआठ वर्षांत एकाच जमिनीवर २१ पिकं. सामू ४.० वरून ५.७ वर आला, ॲल्युमिनियमची संपृक्तता ८२ टक्क्यांवरून १ टक्क्यावर. खत न दिलेल्या तुकड्यात तिसऱ्या पिकानंतर उत्पन्न शून्यावर आलं. ही तुलना शेजारीच ठेवली, म्हणून निष्कर्षावर विश्वास बसतो. तुमच्या आराखड्यात असा तुकडा आहे का, बघा.

आता खटकणारी बाजू. दर तीन वर्षांनी हेक्टरी ३ टन चुना, शिवाय नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम, तांबं, जस्त, बोरॉन, मॉलिब्डेनम. आणि पिकागणिक अन्नद्रव्यांचं गणित बदलतं, म्हणून सतत माती परीक्षण. हे सगळं केंद्रावर शास्त्रज्ञ करत होते. जंगल तोडून दोन-तीन पिकं घेणारा आणि मग जागा सोडणारा शेतकरी ते कुठून आणणार? १९८७ मध्ये फिलिप फर्नसाइड यांनी ‘बायोसायन्स’मध्ये हाच मुद्दा ताणून धरला: खतांचा खर्च, सल्ल्याची सततची गरज, आणि एवढ्या मोठ्या खोऱ्याला पुरेल एवढं फॉस्फेट आणायचं कुठून? मला फर्नसाइड पटतात, पण त्यांच्या आक्षेपाने प्रयोग खोटा ठरत नाही. ‘माती चालते का’ आणि ‘शेतकऱ्याला परवडतं का’ हे दोन प्रश्न आहेत. पेपरने पहिल्याचं उत्तर भक्कम दिलं, आणि वाचणाऱ्यांनी ते दुसऱ्याचंही धरलं.

कोकणातल्या जांभ्या मातीवर काम करणाऱ्यांनी तर हा फरक आधी पाहावा. तिथली मातीही पावसाने धुतलेली आणि आम्ल, पण उतार, कातळ आणि आंबा-काजूची बाग हे गणित वेगळं. युरिमाग्वासची चुन्याची मात्रा तिथे तशीच लिहू नका. आधी ॲल्युमिनियम मोजा. १०० ग्रॅम मातीत विनिमयक्षम ॲल्युमिनियम १ मिलिइक्विव्हॅलंट असेल तर कॅम्प्राथच्या दीडपटीच्या हिशोबाने हेक्टरी साधारण दीड टन चुना निघतो.

सांचेझ पुढे १९९१ ते २००१ नैरोबीच्या कृषिवनीकरण संशोधन केंद्राचे महासंचालक होते, आणि शेतात झाडं आणण्याच्या कामाकडे वळले. १९८२ चा पेपर वाचलात की ते नंतरचं कामही लगेच वाचायला घ्या.