‘जेव्हा माणूस जागा होतो’ : सेवाभावाशी घेतलेली फारकत

आदिवासींमध्ये राहून केलेल्या कार्याची मराठीतील कथने बहुधा सेवेच्या परिभाषेत लिहिली गेली आहेत. गोदावरी परुळेकर यांचा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हा ग्रंथही पुष्कळदा याच रांगेत बसविला जातो. १९७२ च्या साहित्य अकादमी पुरस्काराने त्याची प्रतिष्ठा वाढली, पण वाचनाची ही सवय काही बदलली नाही. वस्तुतः सेवेच्या कल्पनेशी घेतलेली फारकत हेच या ग्रंथाचे वैशिष्ट्य होय.

ही फारकत बाहेरून आलेली नाही. परुळेकर या ‘सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी’च्या पहिल्या महिला आजीव सदस्या. निःस्वार्थ सेवेचा संस्कार त्यांनी जवळून अनुभवला होता. त्याची मर्यादा त्यांना वारल्यांमध्ये जाणवली. डहाणू-उंबरगाव भागातील वेठबिगारी सरकारला अज्ञात नव्हती. सिमिंग्टन यांच्या अहवालात ती १९३० च्या दशकाच्या अखेरीसच नोंदली गेली होती. माहिती होती, सहानुभूतीही होती. वेठ मात्र चालूच राहिली. ‘लग्नगडी’ या प्रथेत लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही सावकाराच्या दारी राबत. अशा बंधनावर औषधाची पुडी किंवा जुने कपडे हा उतारा होऊ शकत नाही. २३ मे १९४५ रोजी झरी येथील परिषदेत वेठ नाकारण्याचा आणि रोजी १२ आणे मजुरीचा निर्धार झाला. त्यात कोणी काही दिले नाही. वारल्यांनी नकार दिला, एवढेच.

शीर्षकातील क्रियापद या दृष्टीने लक्षणीय आहे. माणूस ‘जागा होतो’. त्याला कोणी ‘जागा करीत’ नाही. १० ऑक्टोबर १९४५ च्या तलवाडा येथील गोळीबाराचा प्रसंगही याच अंगाने वाचावा लागतो. गोदूताईंच्या जिवाला धोका असल्याची अफवा पसरल्याने लोक तेथे जमले, असे किसान सभेचे कथन आहे. गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. जिचे रक्षण करावयाचे ती बाहेरून आलेली कार्यकर्ती, आणि रक्षणकर्ते वारली! सेवेच्या कथानकात ही अदलाबदल सहसा संभवत नाही.

तथापि ग्रंथाची उणीवही येथूनच सुरू होते. वारली बोलतात, कृती करतात. परंतु त्यांच्या बोलण्याचा अर्थ लावण्याचा अधिकार निवेदिकेकडेच राहतो. ‘ताई’ हे संबोधन आपुलकीचे खरे, पण त्यात वडीलधारेपणही आहे, आणि त्याची पुरेशी चिकित्सा निवेदन करीत नाही. शीर्षकातील ‘माणूस’ व्याकरणाने पुल्लिंगी आहे, हाही केवळ योगायोग मानता येत नाही. लग्नगड्याच्या बायकोवर कर्जाचा भार तेवढाच होता, शिवाय जमीनदाराच्या वासनेचे भय वेगळेच. तिच्या जागे होण्याची कथा तिच्या शब्दांत लिहिली गेली असती, तर ती याच क्रमाने उलगडली असती काय, हा प्रश्न ग्रंथ अनुत्तरित ठेवतो.