मराठीतील आदरार्थी संबोधने : व्याकरण, शिष्टाचार आणि व्यक्तीची निवड

प्रस्तावना :
संबोधन ही केवळ शिष्टाचाराची बाब नसते. समाज व्यक्तीकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, हे त्यातून व्यक्त होत असते. स्त्री-पुरुष भेद न दर्शविणारे ‘मिक्स’ हे इंग्रजी उपपद २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या ऑनलाइन कोशात समाविष्ट झाले. मराठीत असे उपपद रूढ नाही. तथापि नवा शब्द घडविण्यापूर्वी मराठीचे स्वतःचे सामर्थ्य आणि मर्यादा तपासणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे.

उपपदांतील विषमता :
प्रौढ पुरुषाला ‘श्री.’ हे एकच उपपद आयुष्यभर पुरते. स्त्रीच्या वाट्याला मात्र ‘कु.’, ‘सौ.’ आणि ‘गं. भा.’ अशी अवस्थांतरे येतात आणि त्यांचा निकष विवाह व पतीची हयात हाच असतो. ‘श्रीमती’ हे त्यातल्या त्यात निरपेक्ष उपपद. पण लोकव्यवहारात तेही अनेकदा वैधव्यसूचक मानले जाते. एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ असा उल्लेख करण्याची सूचना केली, तेव्हा तिला तीव्र विरोध झाला. शब्द पवित्र असला तरी तो स्त्रीची ओळख पुन्हा पतीच्या मृत्यूशीच जोडत होता.

‘डॉ.’, ‘प्रा.’, ‘ॲड.’ ही उपपदे लिंगभेद करीत नाहीत. परंतु ती पदवीने वा पदाने मिळतात. ज्याच्यापाशी पदवी नाही, अशा सामान्य माणसाला लिंगनिरपेक्ष आदर कोणता, हा प्रश्न शिल्लक राहतो.

व्याकरणाची साक्ष :
या प्रश्नाचे अंशतः उत्तर मराठीच्या क्रियापदात आहे. ‘तू आलास’, ‘तू आलीस’ या एकेरी रूपांत लिंग स्पष्ट होते. ‘आपण आलात’ यात ते दिसत नाही. म्हणजे समोरच्या व्यक्तीला आदराने बोलताना मराठी बहुतांशी लिंगनिरपेक्षच असते. अडचण येते ती तिच्याविषयी बोलताना. तेथे ‘ते आले’ किंवा ‘त्या आल्या’ यांतून निवड करावीच लागते. नपुंसकलिंग हा पर्याय वरवर सोयीचा वाटतो. परंतु मोठ्या माणसाला ‘ते आलं’ म्हणणे हा मराठीत अवमानच ठरतो. प्रथमपुरुषातही ‘मी आलो’ की ‘मी आले’, हे बोलणाऱ्यास ठरवावे लागते.

एका शीर्षकाचा विचार :
या पार्श्वभूमीवर लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ (२०१२) या आत्मकथनाचे शीर्षक विचारात घेण्याजोगे आहे. त्यात एक पुल्लिंगी नाम आहे आणि एक स्त्रीलिंगी नाव आहे; क्रियापद मात्र नाही. त्यामुळे व्याकरणाला निवाडा करण्याची संधीच मिळत नाही. शिवी म्हणून वापरला जाणारा शब्द येथे व्यक्तीने स्वतः उच्चारला आहे आणि त्याच्या शेजारी स्वतः स्वीकारलेले नाव ठेवले आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ खटल्यात स्वतःची लिंगओळख ठरविण्याचा अधिकार मान्य केला. या खटल्यात त्रिपाठी हस्तक्षेपक होत्या. न्यायालयाने जे तत्त्व म्हणून मांडले, ते या शीर्षकाने दोन वर्षे आधी भाषेत करून दाखविले होते, असे म्हणता येईल.

समारोप :
‘गंगा भागीरथी’ हा गौरवाचा शब्द असूनही नाकारला गेला आणि ‘हिजडा’ हा अवहेलनेचा शब्द असूनही स्वाभिमानाने स्वीकारला गेला. यावरून आदर शब्दात नसून तो निवडणाऱ्याच्या अधिकारात असतो, हे स्पष्ट होते. म्हणून केवळ नव्या उपपदाचा शोध पुरेसा नाही. अर्ज, हजेरीपट व निमंत्रणपत्रिका यांत उपपद ऐच्छिक असावे, उपपदाविना पूर्ण नाव लिहिणे शिष्टसंमत मानले जावे आणि शंका असल्यास ‘आपला उल्लेख कसा करावा?’ असे विचारले जावे. असे विचारण्यासाठी लागणारे ‘आपण’ मराठीत पूर्वापार आहे.