निष्ठा, संशय आणि आपले साहित्य

दलित साहित्याची चर्चा करताना आपण 'नकार' आणि 'विद्रोह' हे दोन शब्द इतक्यांदा वापरले आहेत की, हा नकार नेमका कोणाकोणाला होता, हे विचारण्याचे आपल्याला सुचत नाही. गावकुसाला नकार होता, वर्णव्यवस्थेला होता, देवाला आणि दैवाला होता, प्रस्थापित मराठी वाङ्मयाच्या सदाशिवपेठी अभिरुचीला होता. हे सारे खरेच आहे आणि त्याची नोंद इतिहासाने घेतली आहे. परंतु आपल्या समाजाचे आयुष्य ज्या आणखी एका नात्याने बांधले गेले, त्या नात्याची झडती या साहित्याने कितपत घेतली? ते नाते म्हणजे मतदार आणि त्याचा नेता यांचे. पक्षावर जीव आहे, पण नेत्यावर विश्वास उरलेला नाही, अशा अवस्थेत आपली माणसे गेली साठ-पासष्ट वर्षे मतदानाच्या रांगेत उभी राहत आली आहेत. या माणसाचे मन आपल्या कवितेत, कथेत, आत्मकथनात कोठे आहे? या लेखात मला हाच प्रश्न मांडावयाचा आहे.

प्रश्न मला वर्गात भेटला. निवडणुकीच्या दिवसांत एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, आपल्या पक्षाला मत दिलं नाही तर ती गद्दारी होते का? आणि आपल्या पक्षाला दिलं आणि त्यामुळं दुसराच निवडून आला, तर ते काय होतं?" मी साहित्याचा शिक्षक. याचे उत्तर आपल्या वाङ्मयात शोधू लागलो, तेव्हा माझ्या लक्षात आले की, आपल्याकडे या बाबतीत दोनच शब्द आहेत: 'स्वाभिमानी' आणि 'विकाऊ'. नेता विकला गेला, किंवा नेता वाघ आहे. मतदार जागा झाला, किंवा मतदार दारूच्या बाटलीवर गेला. या दोन टोकांच्या मध्ये जी लाखो माणसे आहेत त्यांच्यासाठी शब्दच नाही.

माझी आजी निरक्षर होती. तिला हत्ती ओळखता येई, तेवढे अक्षरज्ञान तिला पुरेसे होते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने १९५२ च्या निवडणुकीत लढवलेला तो हत्ती पुढे रिपब्लिकन पक्षाने चालवला आणि आमच्या वस्तीत तो चिन्हापेक्षा बाबासाहेबांची खूण म्हणूनच राहिला. एका निवडणुकीत वस्तीतले जाणते आले आणि त्यांनी सांगितले की, यंदा युती आहे, शिक्का दुसऱ्या चिन्हावर मारायचा. आजीने विचारले, "हत्ती कुठं गेला?" तिला वरचे राजकारण समजावून सांगण्यात आले. तिने सांगितल्याप्रमाणे शिक्का मारला आणि घरी येऊन म्हणाली, "मत दिलं, पर पटलं न्हाई." ही गोष्ट आमच्या घरात पुष्कळदा सांगितली जाते आणि प्रत्येक वेळी तिच्या भोळेपणावर हसणे होते. मला आता त्यात भोळेपणा दिसत नाही. मत देणे आणि पटणे या दोन गोष्टी तिने वेगळ्या केल्या होत्या. ज्या राजकीय जाणिवेचा शोध आपण ग्रंथांतून घेतो ती तिच्यापाशी होती. आपण ती लिहून काढली नाही, एवढेच.

या अवस्थेची कारणे केवळ नेत्यांच्या चारित्र्यात शोधणे मला अपुरे वाटते. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने राखीव जागांची संख्या १४८ झाली, परंतु स्वतंत्र मतदारसंघ गेला. राखीव जागेवर आपलाच माणूस निवडून येतो, पण त्याला निवडून आणणारे बहुसंख्य मतदार आपले नसतात. महाराष्ट्रात लोकसभेच्या ५ आणि विधानसभेच्या २९ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यात अनुसूचित जातींचे प्रमाण शेकडा १२ च्या आसपास, तर बौद्धांचे सहाच्या आसपास आहे, आणि ही लोकसंख्या गावोगाव विखुरलेली आहे. म्हणजे आपल्या मताने दुसऱ्याला पाडता येते, दुसऱ्याला निवडून आणता येते. स्वतःच्या बळावर स्वतःचा माणूस निवडून आणणे मात्र अत्यंत कठीण. अशा रचनेत नेत्याच्या हाती एकच भांडवल उरते: 'माझ्या मागे एकगठ्ठा मते आहेत' हे सांगणे. मतदाराची निष्ठा हीच त्याची ठेव, आणि ती ठेव घेऊनच तो वाटाघाटीला बसतो. ज्याने ठेव ठेवली त्याला मात्र हिशेब मिळत नाही.

रिपब्लिकन पक्षाचा इतिहास या दृष्टीने पाहावा. बाबासाहेबांच्या खुल्या पत्रातली कल्पना सर्व शोषितांच्या व्यापक पक्षाची होती. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात पक्ष स्थापन झाला आणि थोड्याच काळात 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' असे दोन तट पडले. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा सत्याग्रह हे या पक्षाचे सर्वांत मोठे काम. डिसेंबर १९६४ मध्ये सुरू झालेल्या त्या लढ्यात माणसे पोराबाळांसह तुरुंगात गेली. आणि त्याच दादासाहेबांनी १९६७ च्या सुमारास काँग्रेसशी समझोता केला. लढणारे दादासाहेब आणि समझोता करणारे दादासाहेब ही दोन माणसे नव्हेत. जमिनीचा लढा रस्त्यावर लढून झाल्यावर सत्तेच्या दारात काही मिळते का, असा तो हिशेब होता. तो चुकला असे माझे मत आहे. परंतु त्याला 'विकले गेले' या दोन शब्दांत बसवणे म्हणजे विचार करण्याचे टाळणे होय. मातंग, चर्मकार आणि इतर जातींपर्यंत पक्ष पोचला नाही, हे अपयश मला त्या समझोत्याहून मोठे वाटते. पण त्याबद्दल आपण कमी बोलतो, कारण तेथे बोट नेत्यांबरोबर आपल्याकडेही वळते.

मतदाराने मात्र आपला संशय वेळोवेळी कृतीने व्यक्त केला आहे. जानेवारी १९७४ ची मध्य मुंबईची लोकसभा पोटनिवडणूक पाहा. काँग्रेसचे रामराव आदिक उभे होते, शिवसेनेचा त्यांना पाठिंबा होता. रिपब्लिकनांचे काँग्रेसशी सख्य १९६७ पासून चालत आले होते. दलित पँथरने बहिष्कार पुकारला. ५ जानेवारीला वरळीच्या सभेनंतर दंगल पेटली, बी.डी.डी. चाळींतील माणसांनी पोलिसांचा आणि गुंडांचा मार सोसला, १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव दगडाखाली मारला गेला. आदिक पडले आणि कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. येथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. १९५२ साली उत्तर मुंबईत बाबासाहेबांचा पराभव झाला, तेव्हा मते कुजवण्याचा प्रचार केल्याबद्दल त्यांनी ज्या डांग्यांविरुद्ध निवडणूक अर्ज केला होता, त्याच डांग्यांच्या कन्येला या बहिष्काराचा लाभ झाला. चाळीतल्या जुन्या माणसांना हे ठाऊक नसेल काय? तरीही त्यांनी नकार दिला. 'नाही' म्हणण्याचाही कोणाला तरी फायदा होतोच, हे समजून दिलेला तो नकार होता. वरळीवर आपण कविता लिहिल्या त्या रक्तावर आणि दगडांवर. या गुंतागुंतीच्या निर्णयावर फारसे लिहिले नाही.

१९९८ साली उलट घडले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली होती. गटांनी एकत्र यावे म्हणून लोकांचा दबाव होता. काँग्रेसशी समझोता करून प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून आणि रामदास आठवले उत्तर मध्य मुंबईतून लोकसभेवर गेले. चारही जागा खुल्या होत्या. ही निष्ठा कोणा एका नेत्यावरची नव्हती, ती ऐक्यावरची होती. नेत्यांनी तिचा अर्थ 'लोक माझ्यामागे आहेत' असा लावला आणि १९९९ च्या निवडणुकीपर्यंत ऐक्य मोडले. पुढे २०११ मध्ये आठवले यांनी शिवसेना-भाजपशी युती केली आणि २०१६ मध्ये ते केंद्रात राज्यमंत्री झाले. रमाबाई नगरातील गोळीबार झाला तेव्हा राज्यात सरकार कोणाचे होते, हे मतदार विसरला नव्हता. २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीला राज्यात सुमारे सात टक्के मते पडली. तिचा स्वतःचा एकही उमेदवार निवडून आला नाही, मित्रपक्ष एमआयएमला औरंगाबादची जागा मिळाली. 'आपण कोणाचे शेपूट नाही' हे त्या मताचे म्हणणे होते. २०२४ च्या लोकसभेत संविधानाच्या काळजीने त्यातला मोठा हिस्सा काँग्रेस आघाडीकडे गेला. दोन्ही वेळी याच माणसाला शिव्या बसल्या. पहिल्या वेळी 'मते फोडली' म्हणून बाहेरच्यांनी दिल्या, दुसऱ्या वेळी 'घात केला' म्हणून आपल्यांनी दिल्या. माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न येथून आला आहे.

आता साहित्याकडे वळू. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ चा आणि इंदिरा गांधींवरची 'प्रियदर्शिनी' ही दीर्घ कविता आणीबाणीतली, १९७६ ची. आपल्या समीक्षेने या दोहोंचे काय केले? एका पक्षाने दुसरी कविता विसरून टाकली. दुसऱ्याने तिच्या आधारे पहिली रद्द केली. एकच माणूस चार वर्षांत येथून तेथे कसा गेला, पँथर फुटल्यावर रस्त्यावर उभ्या राहिलेल्या कार्यकर्त्याला सत्तेच्या आश्रयाची ओढ का वाटली, हा खरा वाङ्मयीन आणि सामाजिक प्रश्न होता. 'स्वाभिमानी' आणि 'विकाऊ' ही मतदाराला लावलेली फूटपट्टीच आपण कवीलाही लावली.

आत्मकथनांनी फार मोठे काम केले. 'बलुतं' (१९७८) मध्ये दया पवारांनी आपल्याच घरातले आणि समाजातले दुखरे ते उघडे केले आणि हे आपल्यातल्या अनेकांना रुचले नाही. तरीही एकूण आत्मकथनांचा प्रवास गावातून शाळेकडे, शाळेतून नोकरीकडे झाला. मतपेटी त्या वाटेवर क्वचितच लागते. याउलट दत्ता भगत यांच्या 'वाटा पळवाटा' या नाटकाचा उल्लेख मला आवर्जून करावासा वाटतो. बाबासाहेबांच्या काळातले काका, प्राध्यापक सतीश आणि जहाल अर्जुन या तीन पिढ्या तेथे एकमेकांना प्रश्न विचारतात आणि नाटककार कोणा एकाला निकाल देऊन मोकळा होत नाही. प्राध्यापक असल्यामुळे मला सतीशचा समंजसपणा वाचताना अस्वस्थ व्हायला होते. त्या समंजसपणात किती विवेक आणि किती सोय, हे मला स्वतःबद्दलही सांगता येत नाही. मतभेदाला गद्दारी न म्हणता रंगमंचावर जागा देणे, हे या नाटकाचे मोल आहे.

यावर आक्षेप येईल की, शत्रू दारात असताना घरातली भांडणे चव्हाट्यावर कशाला? हा आक्षेप हलका नाही. आपल्या नेत्यांची निंदा करणे हा सवर्ण वृत्तपत्रांचा जुना करमणुकीचा विषय आहे आणि त्यांच्या पंक्तीला बसण्याची माझी इच्छा नाही. स्वतःच्या पक्षाच्या पुढाऱ्याने दहा पक्ष बदलले तर ते 'मुत्सद्दी', आमच्याने एक युती केली तर तो 'लाचार', हा न्याय आम्हाला ठाऊक आहे. परंतु म्हणून आपण गप्प बसायचे, तर प्रश्न विचारण्याचे काम त्यांच्याचकडे राहते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीविषयी जो इशारा दिला, तो देशाला होता आणि देशात आपणही आलो. ज्या समाजाने देव नाकारले त्याने फ्लेक्सवरचे चेहरे पूजावेत, हे त्या विचाराशी सुसंगत नाही.

दुसरा आक्षेप मीच माझ्यावर घेतो. आमच्यासारख्या पगारदारांचा संशय स्वस्त असतो. नेत्याला नावे ठेवणारे आम्ही प्रचाराला जात नाही, वर्गणीला हात आखडतो आणि बदलीसाठी मात्र त्याच नेत्याची चिठ्ठी शोधतो. गावातल्या माणसाचा संशय महाग असतो. अमुक पेटीत मते कमी निघाली म्हणून कोणत्या वस्तीचे पाणी तुटणार, कोणाचे घरकुल अडणार, कोणाला मजुरीवर बोलावणे बंद होणार, हे त्याला आधी ठाऊक असते. म्हणून तो बोलत नाही. त्याच्या गप्प बसण्याला अडाणीपणा समजणारा लेखक त्याचा लेखक नव्हे.

तेव्हा निष्ठा आणि संशय या एकमेकींच्या वैरिणी आहेत, हे मला मान्य नाही. ज्याला पक्षाशी देणेघेणे नाही त्याला नेत्याबद्दल संशयही येत नाही, तो सरळ निघून जातो. थांबतो आणि विचारतो तोच निष्ठावान असतो. विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले की, मत कोणाला दिले यावरून गद्दारी ठरत नाही; मत दिल्यावर हिशेब विचारला की नाही, हे पाहावे. आपल्या लेखकांकडे माझे मागणे आहे ते याच माणसाचे. तो निळा झेंडा खांद्यावर घेऊन सभेला जातो, परतताना नेत्याबद्दल कडवट बोलतो, सकाळी पुन्हा मतदानाच्या रांगेत उभा राहतो आणि आत गेल्यावर क्षणभर थबकतो. तो क्षण त्याने कसा काढला, हे त्याला विचारा आणि लिहा. माझ्या आजीला कोणी विचारले नव्हते.