‘प्रत्यक्ष’ म्हणजे कुणाचं?

३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री कन्नड घाटाच्या अंगाला इतका पाऊस झाला, की उजाडेपर्यंत तितूर आणि डोंगरी चाळीसगावात शिरल्या होत्या. घाटात दरडी कोसळून रस्ता बंद. मी पुण्यात. नानांचा, म्हणजे माझ्या थोरल्या काकांचा, फोन लागला तेव्हा ते एवढंच म्हणाले, “वावरमा पानी भरनं, कपाशी समदी बुडनी.” या वाक्यात न कळण्यासारखं काही नाही. तेच वाक्य पीक विम्याच्या भाषेत बसवायला बसलो, तेव्हा पंचाईत झाली.

कारण विचारलं होतं. नाना म्हणाले, पूर. आता प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या मार्गदर्शक सूचना मी नंतर बारकाईने वाचल्या. ‘पूर’ तिथे व्यापक आपत्तींच्या यादीत येतो, जिथे नुकसान अख्ख्या विमा क्षेत्राचं मोजतात. ‘क्षेत्र जलमय होणे’ मात्र त्या यादीतही आहे आणि ज्या आपत्तींत एकेका शेताची पाहणी होते, त्या यादीतही. नदी बांधावरून आत आली की पूर, आणि तेच पाणी कपाशीत उभं राहिलं की जलमय. शेतकऱ्याने कोणता शब्द उच्चारावा? त्यात सूचना द्यायला ७२ तास. कपाशीला पाणी लागल्यावर आकस्मिक मर दिसायला कधी कधी त्याहून जास्त दिवस लागतात. वीज, रस्ता आणि फोन यांच्या भानगडीत नानांचे ७२ तास तसेही निघून गेले होते. उरला तो क्षेत्राचा हिशोब.

शासकीय मराठीवर टीका करायची एक ठरलेली रीत आहे: शब्द बोजड, संस्कृतप्रचुर, कुणाला कळतात? १९६० नंतर भाषा संचालनालयाच्या पदनाम कोशाची अत्र्यांनी ‘बदनाम कोश’ म्हणून खिल्ली उडवली, तेव्हापासून आपण तीच खिल्ली उडवतो आहोत. मला ही टीका अर्धवट वाटते. बोजा, फेरफार, नजरगहाण हे शब्द तरी कुठे सोपे आहेत? पण सातबाऱ्यावर बोजा चढला म्हणजे काय, हे आमच्याकडे शाळा न पाहिलेल्या आजीलाही कळतं. आणेवारीचं तसंच. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, कागदावर ‘पैसेवारी’ झाली, पारावर अजून आणेवारीच चालते, आणि पन्नास पैशांच्या आत आलं की काय होतं हे सगळ्यांना पाठ. अवघड शब्द वापराने अंगवळणी पडतो. धोका सोप्या शब्दांचा आहे, कारण त्यांचा अर्थ आपण विचारतच नाही.

‘उंबरठा उत्पादन’ घ्या. इंग्रजीतल्या शब्दाला कुणीतरी घरातला शब्द दिला, आणि तो देखणाही आहे. पण उंबरठा ओलांडून आपण आत येतो. इथे भरपाई हवी तर उंबरठ्याच्या खाली पडावं लागतं. तो उंबरठा किती उंच? मागच्या सात वर्षांतल्या सर्वांत चांगल्या पाच वर्षांची सरासरी, गुणिले जोखीमस्तर. हा जोखीमस्तर ७० टक्के असेल, तर सरासरीपेक्षा तीस टक्के पीक गेलं तरी तुम्ही उंबरठ्यावरच उभे. ‘जोखीमस्तर’ वाढला की जोखीम वाढते असं कुणालाही वाटेल. वाढतं ते संरक्षण.

पण माझं खरं भांडण ‘प्रत्यक्ष उत्पादन’ या शब्दाशी आहे. उंबरठा उत्पादनातून प्रत्यक्ष उत्पादन वजा करायचं, आलेली तूट उंबरठा उत्पादनाने भागायची, आणि विमा संरक्षित रकमेने गुणायची. सूत्र चोख आहे. प्रत्यक्ष म्हणजे डोळ्यांसमोरचं. नानांच्या डोळ्यांसमोर शून्य होतं. पण इथलं प्रत्यक्ष म्हणजे महसूल मंडळात निवडलेल्या काही प्लॉटांवरच्या पीक कापणी प्रयोगांची सरासरी. समजा उंबरठा १,००० किलो, मंडळाची सरासरी ९०० आणि संरक्षित रक्कम हेक्टरी ४०,००० रुपये. तर ज्याचं सगळं गेलं त्यालाही ४,०००, आणि ज्याचं काहीच गेलं नाही त्यालाही ४,०००. सरासरी १,००० च्या वर गेली तर दोघांनाही काही नाही.

क्षेत्रावर आधारलेली पद्धत मूर्खपणाची आहे असं मी म्हणत नाही. लाखो शेतं एकेक करून मोजणं अशक्य, आणि स्वतःच्या शेतावर भरपाई ठरणार असेल तर पीक सोडून देणाराही एखादा निघेल. मंडळ धरण्यामागे विचार आहे. पण मग त्याला ‘मंडळाची सरासरी’ म्हणा ना! माझ्या धंद्यात कुणी सरासरी साठवणाऱ्या व्हेरिएबलला ‘प्रत्यक्ष’ असं नाव दिलं तर त्याचा कोड मी परत पाठवतो. कारण सहा महिन्यांनी कुणीतरी नावावर विश्वास ठेवून चुकतो. इथे नावावर विश्वास ठेवणारा पेरणीच्या वेळीच हप्ता भरून बसलेला असतो.

इंग्रजीतही हीच चलाखी आहे, हे खरं. तिथेही ‘अॅक्च्युअल’च लिहिलंय. भाषांतर करणाऱ्याने इमानदारी दाखवली आणि फसवणूकही इमानदारीने उतरवली. भाषांतर करताना थबकून ‘कुणाचं?’ असं विचारायची संधी होती, ती गेली.

पुढे खात्यात जी रक्कम आली ती फवारणीच्या खर्चालाही पुरली नसती. मी नानांना सूत्र समजावून सांगितलं, कागदावर आकडे मांडले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, ‘प्रत्यक्ष’वर बोट ठेवलं आणि विचारलं, कुणाच्या वावरात बघितलं होतं ते? मंडळाचं नाव मला ठाऊक होतं. वावर कुणाचं, ते कागदात कुठेच नव्हतं.