नंदा खरे यांची ‘उद्या’ : नजीकचे भविष्य, भय आणि तरुण पिढी

मराठी कुमारसाहित्याने तरुण वाचकाला साहस पुष्कळ दिले. भय मात्र फारसे दिले नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे संकटात सापडतो, परंतु त्याच्या भोवतालच्या समाजाची घडी शाबूत असते. वडीलधारी माणसे अखेरीस विश्वासार्हच ठरतात. विज्ञानकथेतही बव्हंशी हेच चित्र दिसते. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने (आद्याक्षरांचा क्रम उलटा करून) पाठविली. त्यानंतर बहरलेल्या या प्रवाहात भविष्य हे मुख्यतः जिज्ञासेचे क्षेत्र राहिले.

या पार्श्वभूमीवर नंदा खरे यांची ‘उद्या’ ही कादंबरी वेगळी ठरते. साहित्य अकादमीच्या 2020 च्या पुरस्कारासाठी तिची निवड झाली व खरे यांनी तो नम्रपणे नाकारला, ही घटना सर्वश्रुत आहे. कादंबरी मात्र त्या मानाने कमी वाचली गेली, असे खेदाने म्हणावे लागते. व्यवसायाने स्थापत्य अभियंता असलेल्या या लेखकाला यंत्रणा कशी उभी राहते हे ठाऊक होते. त्यामुळे येथील भविष्य दूरच्या ग्रहावरचे नाही. पाळत, भांडवलाची खाजगी जीवनावरील पकड आणि स्त्रियांची घटलेली संख्या ही तिन्ही सूत्रे आजच्या दैनंदिनीतूनच पुढे ओढलेली आहेत.

यांपैकी तिसरे सूत्र अधिक विचारार्ह वाटते. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण 2001 च्या जनगणनेत 913 होते. 2011 मध्ये ते 894 वर आले, बीड जिल्ह्यात तर 807 वर. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वप्रथम, 1988 मध्ये, कायदा करणाऱ्या राज्याची ही अवस्था आहे. दुर्मीळ वस्तूचे मोल वाढते, हा बाजाराचा नियम. स्त्री दुर्मीळ झाली की तिचा मान वाढेल, असे भाबडे गणित आपल्याकडेही मांडले जाते. खरे ते खोडून काढतात. मोल वाढते ते वस्तूचे, आणि स्त्रीची वस्तू होते. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात अविवाहित तरुण बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले, तेव्हा वृत्तपत्रांनी ती गंमत म्हणून छापली. ‘उद्या’ वाचलेल्यास हसू येणे कठीण होते.

तथापि, एका बाबतीत ही कादंबरी अपुरी वाटते. तिच्यातील भय प्रामुख्याने वरून, व्यवस्थेकडून उतरते. पूर्वग्रह तिच्यात बहुधा व्यवस्थेचा परिणाम म्हणून येतो. आपल्या गावांत मात्र तो वारसा म्हणून येतो. शिरपूर जैन येथील अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिर दिगंबर व श्वेतांबर पंथीयांच्या वादामुळे 1981 मध्ये कुलूपबंद झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च 2023 मध्ये ते उघडले, आणि त्याच महिन्यात दोन गटांत पुन्हा झटापट झाली. या बेचाळीस वर्षांत गावात एक अख्खी पिढी जन्मली, शिकली, लग्ने करून मोकळी झाली. वाद तिने सुरू केला नव्हता. पाळतीसाठी येथे कॅमेऱ्याची गरजही नव्हती. कोण कोणाकडचा, हे आडनाव सांगत होते.

खरे यांच्या भविष्यकाळातील तरुण आपल्यावर कोण नजर ठेवतो हे शोधतो, आणि तो शोध कादंबरीला वेग देतो. शिरपूरच्या तरुणाला ते शोधावे लागत नाही. नजर ठेवणारा त्याच्या ओळखीचा, पुष्कळदा त्याच्या घरातलाच असतो. या माणसावर लिहिताना विडंबनाचे हत्यार, जे खरे यांनी कौशल्याने वापरले आहे, कितपत चालेल याची शंका वाटते. कंपनीची थट्टा करता येते. आजोबांची करताना लेखणी अडखळते.