भराभर लिहिलं म्हणून काय झालं?

अण्णाभाऊ साठे यांनी फार लिहिलं आणि भराभर लिहिलं, म्हणून त्यांचं लेखन कच्चं राहिलं. हे वाक्य मी इतक्या प्राध्यापकांच्या तोंडून ऐकलंय की आता १ ऑगस्टच्या कार्यक्रमात ते यायच्या आधीच मला त्याची चाहूल लागते. पुढच्या रांगेतले लोक माना हलवतात. मागं सतरंजीवर बसलेल्यांपैकी कुणी विचारत नाही की सर, फार म्हणजे किती, अन् भराभर म्हणजे कुणाच्या घड्याळानं?

मी विचारतो. पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या, कथासंग्रह, पोवाडे, लावण्या, लोकनाट्यं, रशियाचं एक प्रवासवर्णन. जन्म १९२० चा, वाटेगावचा. १८ जुलै १९६९ ला मुंबईत गेले. पन्नाशी गाठली नाही माणसानं. शाळा दीड दिवसाची. वाटेगावाहून मुंबईला बापाबरोबर पायी आलेलं पोर, पुढं गिरणीत, चळवळीत, तमाशात. आता या हिशोबात हळूहळू लिहायला जागा कुठं आहे ते दाखवा. सावकाश लिहायला उद्याच्या भाकरीची खात्री लागते. ती ज्याच्या घरात पिढीजात आहे त्यानं दहा वर्षं एक कादंबरी घासत बसावं, माझं काही म्हणणं नाही.

आणि भराभर लिहिणं हा दोष असेल तर तो सगळ्यांनाच लावा. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला दासोपंत होऊन गेले, देशपांड्याच्या घरातले. त्यांचा गीतार्णव सव्वा लाख ओव्यांचा सांगतात. पंचीकरण तर चाळीसेक फूट लांब कापडावर लिहिलं, ती पासोडी प्रसिद्ध आहे. रोज ढब्बू पैशाची शाई लागायची, ही आख्यायिका सांगताना लोकांचे हात आपोआप जोडले जातात. तिथं ‘भराभर’ हा शब्द येत नाही, ‘विपुल’ येतो. नेमाड्यांनी ‘कोसला’ १९६३ साली काही आठवड्यांत लिहून काढली, तर ती झपाटलेपणाची खूण. कादंबरी मोठीच आहे, मी दोनदा वाचली. पण तोच वेग चिरागनगरच्या झोपडीतला, मातंगाच्या पोराचा असला की त्याला पोटापाण्याची घाई म्हणायचं. वा रे समीक्षा!

आता घाई होती की नव्हती? होतीच. पण ती आली कुठून हे बघा. १९४४ साली अमर शेख, गव्हाणकर आणि अण्णाभाऊंनी लाल बावटा कलापथक उभं केलं. मैदानात माणसं बसलीत, गिरणीच्या पाळीवरून थेट आलीत, त्यांना आज रात्री काहीतरी ऐकवायचंय. उद्या नाही, आज. पहिल्या दोन मिनिटांत पकडलं नाही तर माणूस उठून जातो, त्याला सकाळी भोंग्याला हजर व्हायचं असतं. ज्याचा हात अशा गर्दीपुढं तयार झाला त्याची कादंबरी पायघड्या घालत सुरू होईल कशी? अण्णाभाऊ गोष्टीत थेट शिरतात. पात्र येतं ते रंगमंचावर यावं तसं, आल्या आल्या बोलतं. वाक्य तोकडं, दम न तोडता म्हणता येईल एवढंच. मोठ्यानं वाचून बघा. ‘फकिरा’ वाचायची नाही, ऐकायची कादंबरी आहे. आमच्या वस्तीत अक्षर न ओळखणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी ती ऐकलीय, एकजण वाचायचा आन् बाकीचे हुं म्हणायचे. ज्यांनी ती एकट्यानं, टेबलावर, पेन्सिलीनं खुणा करत वाचली त्यांना ती कच्ची वाटली.

पण मित्रांनो, प्राध्यापकांना झोडपलं म्हणजे आपलं काम संपलं असं नाही. आपल्यातही एक खोड आहे. बॅनरवरच्या माणसाच्या पुस्तकाबद्दल बोलायचं नाही. मी बोलणार. अण्णाभाऊंच्या पुष्कळ कादंबऱ्यांना बाईचं नाव आहे: चित्रा, वैजयंता, चंदन, आवडी. या बाया अब्रूसाठी भांडतात, लढतात, हे मराठीत तेव्हा मोठंच होतं. पण त्या दिसायला बहुतेक सगळ्या देखण्या, आणि खलनायक त्यांच्या देखणेपणावरच टपलेला. कुरूप बाईवर अत्याचार होत नाही का? मध्यमवयाच्या, दात पडलेल्या, दिवसभर मोळ्या बांधणाऱ्या बाईची कादंबरी का होत नाही? काही कादंबऱ्यांत तर तीच मंडळी वेगळ्या रंगरंगोटीत पुन्हा येतात असं वाटतं, योगायोगही तेच. हा वेगाचा परिणाम आहे का? थोडा आहे. थोडा सिनेमाचाही आहे. १९६१ ला ‘वैजयंता’ पडद्यावर आला, १९६३ ला ‘फकिरा’. असला तरी त्याची जबाबदारी एकट्या लिहिणाऱ्यावर टाकायला मी तयार नाही. पानामागं पैसे मिळणाऱ्यानं पानं वाढवली तर दर ठरवणाऱ्यालाही विचारा.

आता ‘स्मशानातील सोनं’ घ्या. त्याच हातानं, त्याच घाईत लिहिलेली गोष्ट. वारणेकाठचा भीमा मुंबईच्या उपनगरात खाणीवर काम करतो. खाण बंद पडते. एक दिवस राखेत सोन्याचा तुकडा सापडतो आणि तो मढी उकरायला लागतो. शेवटी मढ्याच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात, तोडावी लागतात, आणि नेमकं तेव्हा कळतं की खाण पुन्हा सुरू झाली. यात उपदेश नाही, देखणी नायिका नाही, टाळ्यांचं वाक्य नाही. मी जिनिंगमध्ये राबतो. कापूस संपला की रेचे थांबतात, रुईच्या गाठी ट्रकमध्ये भरल्या की आमचं काम नाही. पुढचा कापूस येईपर्यंत माणूस काय काय उकरतो ते आम्हाला ठाऊक आहे. भीमाची बोटं गेली ही शिक्षा म्हणून लिहिलेलं नाही, हे मला या गोष्टीतलं सगळ्यात मोठं वाटतं. बोटं म्हणजे मजुराचं भांडवल. ते गेलं आणि काम आलं. एवढंच मांडून लेखक बाजूला झालाय. कच्चा लेखक असं बाजूला होऊ शकत नाही.

आपल्यातले काहीजण म्हणतात, अण्णाभाऊ लाल बावट्याचे, आपले नव्हेत. ‘फकिरा’त विष्णुपंत कुलकर्णी भला माणूस कसा, हा प्रश्न मलाही एका शिबिरात विचारला गेला. पण १९५८ साली मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांनीच केलं. आणि १९५९ साली निघालेल्या ‘फकिरा’चं पुस्तक हातात घेऊन बघा: प्रस्तावना वि. स. खांडेकरांची, अर्पण बाबासाहेबांच्या लेखणीला. मला यात त्यांची सगळी अडचण दिसते. बाजारात शिरायला एक नाव, मनातलं सांगायला दुसरं. ‘सत्यकथा’च्या वर्तुळात ते कधी नव्हते. त्यांची पुस्तकं गेली स्टँडवरच्या दुकानांत, गावोगावच्या वाचनालयांत, हातोहात. शिवण उसवलेली, आधी-शेवटची पानं नसलेली अशीच ती बहुतेकांनी पहिल्यांदा वाचली असणार. बाबुराव बागुलांचं गणित वेगळं. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ ला, पुढचा कथासंग्रह ‘मरण स्वस्त होत आहे’ १९६९ ला. ते दाबून लिहीत, अण्णाभाऊ ओतून लिहीत. दोन्ही आपलेच. कोण मोठा याची कुस्ती मला लावायची नाही.

मला बोलायचंय छापण्याबद्दल, कारण ते आपल्या गळ्याशी आलंय. माझ्या कवितांची वही एका प्रकाशकाकडं गेली. त्यानं कविता वाचल्या की नाही कळलं नाही, पण खर्चाचा आकडा लगेच कळवला. हंगामभर गाठी ओढल्या तरी तेवढे शिल्लक पडत नाहीत. आपली कितीतरी पोरं व्याजानं पैसे काढून असं पुस्तक काढतात, प्रती खाटेखाली ठेवतात आणि पुरस्काराची वाट बघतात. बाबासाहेबांनीही पदरचे पैसे घातले होते, १९३६ साली, लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं भाषण रद्द केलं तेव्हा. पंधराशे प्रती काढल्या, आणि त्या दोन महिन्यांत संपल्या. फरक बघा. ते छापत होते वाचणाऱ्यासाठी. आपण छापतोय बायोडाटासाठी.

कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. म्हणजे अण्णाभाऊंचे २०२९ च्या अखेरीस संपतील आणि १ जानेवारी २०३० पासून कुणालाही ते छापता येतील. तेव्हा बाजारात चकचकीत कव्हरांची रांग लागणार हे नक्की, आणि त्यात ‘फकिरा’च जास्त असणार. आपण ‘स्मशानातील सोनं’ घ्यावं. एकच गोष्ट, मोठ्या टायपात, पिन मारलेली, शर्टाच्या खिशात बसेल एवढी. दसऱ्यानंतर आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या ट्रॅक्टर-ट्रकवर वाटायची. वाचता येणारं एक पोर प्रत्येक कोप्यावर असतंच. कोण किती प्रतींचा खर्च उचलतो ते या अंकाच्या पत्त्यावर कळवा, आणि कागदाचा भाव कुणाला माहीत असेल तर तोही.