पहिला पंधरवडा

प्रोग्रॅमिंगच्या प्राथमिक अभ्यासक्रमाचा कस पहिल्या पंधरवड्यातच लागतो. पुण्यातल्या महाविद्यालयांत आणि क्लासांत हा पंधरवडा वर्षानुवर्षे सी भाषेने आणि टर्बो सीच्या निळ्या पडद्याने व्यापलेला होता. एक ओळ चालवायची तर आधी हेडर फाइल, मेन, महिरपी कंस. स्कॅनएफमधल्या '&' या चिन्हाचा खुलासा थेट पॉइंटरच्या धड्यात; तोवर 'सध्या असंच लिहा'. मग मुले प्रोग्रॅम पाठ करत. फिबोनाची, पॅलिंड्रोम, चांदण्यांचे त्रिकोण जर्नलमध्ये उतरत आणि ओरलपुरते आठवत.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या 2019 च्या अभ्यासक्रमाने अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला पायथन आणली. उंबरठा बसका झाला, पण अडखळणे थांबले नाही. इनपुटने 5 आणि 7 घेऊन थेट बेरीज केली, तर पडद्यावर 57 येतात, कारण पायथन त्यांना अक्षरे समजते. रेंज(1, 10) नऊवरच थांबते. आणि सर्वांत जुनी ठेच म्हणजे क्ष = क्ष + 1. समीकरण म्हणजे तराजू, हे शाळेत घोटून घेतलेल्या मुलाला ही ओळ सरळसरळ खोटी वाटते, आणि त्याचे चुकत नाही. ओळखीचे चिन्ह इथे 'उजवीकडचे काढून डावीकडच्या डब्यात ठेवा' असे सांगते. यावर अर्धा तास खर्च व्हायला हवा. नोट्समध्ये जेमतेम एक ओळ मिळते.

शिकवण्याचा क्रमच बदलण्याचे धाडस आयआयटी मुंबईत अभिराम रानडे यांनी केले. त्यांच्या सिंपलसीपीपी या सी++ लायब्ररीमध्ये व्हेरिएबलच्या आधी पडद्यावरचे कासव येते: रिपीट(4), शंभर पुढे, नव्वद अंश उजवीकडे, आणि चौरस तयार. मूळ कल्पना 1967 च्या लोगो भाषेची. कोन 60 दिला की आकृती उघडी राहते. चूक मास्तरांनी दाखवावी लागत नाही. मात्र रिपीट ही सोय सिंपलसीपीपीची. साध्या सी++मध्ये ती नाही, तेव्हा पुढे फॉर लूपशी गाठ पडतेच.

शाळांसाठी एसीएम इंडियाचा 2016 पासूनचा सीएसपाठशाळा उपक्रम संगणकाविनाही क्रम, आकृतिबंध आणि तर्क शिकवतो. साधने तुटपुंजी असलेल्या शाळेला हे परवडते, पण कागदावरून यंत्राकडे नेणारा पूल शिक्षकालाच बांधावा लागतो.

भाषेचा प्रश्न अर्धाच सुटला आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये निवेदन मराठीत मिळते, हे मोठेच काम. पडद्यावरची अक्षरे मात्र इंग्रजी. 'इंडेंटेशन एरर' दिसताच नवखा विद्यार्थी संदेश न वाचता ओळी खोडू लागतो. मुद्दाम बिघडवलेला प्रोग्रॅम पहिल्याच दिवशी देऊन संदेश वाचायला लावणे, ओळ क्रमांक शोधायला लावणे, हा सगळ्यांत स्वस्त उपाय. तरी तो अभावानेच योजला जातो. याचे एक कारण लेखी परीक्षेत आहे. तिथे प्रोग्रॅम उत्तरपत्रिकेवर लिहायचा असतो, आणि उत्तरपत्रिका एरर देत नाही.